लांडग्याच्या नावाचं बारसं

मांडव घालून झाला, घुगऱ्या शिजायला पडल्या, मंचरहून बाळाच्या आईची आई, सारजाबाई, टेम्पोत पाळणा घालून दाखल झाल्या, तरी बाळाच्या नावावर घरात एकमत नव्हतं. तसं एक नाव ठरलेलं होतं. स्वराज. बाळाच्या बापानं, गोरक्षनं, घोडेगावच्या पंचायत समितीत आपल्या टेबलाशी बसून पन्नास नावं लिहिली, एकूणपन्नास खोडली आणि उरलं ते पत्रिकेत घातलं. त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. वाद होता तो दुसऱ्या नावाचा. जे कागदावर येत नाही, जे आत्या पाळण्यात वाकून आधी बाळाच्या कानात सांगते आणि ज्याची पुढे कुणी चौकशी करत नाही, त्या नावाचा.

हे दुसरं नाव काढलं होतं तुकाबाईनं. तुकाबाई म्हणजे गोरक्षच्या वडिलांची, राघूची, थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. पंचविशीत कपाळ पांढरं झालं तेव्हा बोरी बुद्रुकला भावाकडे आली ती कायमची, आणि पुढे भावजय वारल्यावर प्रांजल आणि गोरक्ष ही भावाची दोन्ही पोरं तिनंच वाढवली. अंगानं वाळक्या शेंगेएवढी, पण तिच्या शब्दापुढे घरातली चाळीस मेंढरंसुद्धा वळायची. आदल्या दिवशी दुपारी बाळाच्या कुंचीला गोंडे लावता लावता ती प्रांजलला म्हणाली, "कानात त्याचं नाव सांगायचं. रानातल्याचं."

सारजाबाईंना काही उमगेना. रानातला म्हणजे देव का भूत, असं त्यांनी जावयाला विचारलं. गोरक्षनं इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली घेऊन सांगितलं, लांडगा. सरकारी नोकरीतला माणूस, पण मेंढरांच्या घरातला. या घरात तो शब्द मेंढरं ऐकतील अशा जागी कधी उच्चारला गेला नव्हता. पूर्वी चारशे मेंढरं घेऊन घाट उतरायचे तेव्हाही नाही, आणि आता कांदा-उसाची शेती सांभाळून राघू हौसेनं चाळीस ठेवतो तेव्हाही नाही.

सारजाबाईंची जीभ तशी धारेचीच. त्या म्हणाल्या, "बिबट्याच्या भ्यानं इथं पोरं अंगणात सोडायची सोय न्हाई, आन् तुमी लांडग्याला पाळण्यात बोलवा."

तुकाबाईनं गोंडा पुरा केला आणि दोरा दातानं तोडला. बाळाची आई, सारजाबाईंची लेक अश्विनी, तिथंच भिंतीला टेकून बसली होती. ती बाळाला घेऊन उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

प्रांजलनं ते दार बघितलं. नाव सांगायचं होतं ते तिला. बाळाला आत्या एकच, आणि ती प्रांजल. आत्यानं सांगितलं की झालं, मग ते पुसता येत नाही. तुकाबाईचा शब्द मोडावा तर जिनं आईच्या जागी वाढवलं तिचा शब्द मोडायचा, आणि पाळावा तर भावजय पुन्हा कधी तोंडाकडे बघणार नाही. आधीच ती फारसं बघत नव्हती. त्याला कारण होतं, आणि ते कारण घरातला प्रत्येक जण जाणून होता, म्हणूनच कुणी त्याचा विषय काढत नसे.

दोन वर्षांपूर्वी अश्विनीला मुलगी झाली होती. माहेरी, मंचरला. चांगली गुटगुटीत, डोकंभर जावळ. बारावा दिवस गुरुवारी येत होता. प्रांजल पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत नोकरीला, गुरुवारी सुट्टी मिळेना. तिनं फोनवर हसत हसत सांगितलं होतं, रविवारी करा, आत्याशिवाय नाव ठेवाल तर बघा. सारजाबाईंनीही मान हलवली, आत्याचा मान मोडायचा नाही, तीन दिवसांनी काय होतंय. शनिवारी पहाटे मुलीनं दूध तोंडात घेतलं नाही. दुपारपर्यंत अंग तापलं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत ती गेली. रविवारी सकाळी प्रांजल मंचरच्या स्टँडवर उतरली तेव्हा तिच्या पिशवीत चांदीचे वाळे होते. ते वाळे अजून त्याच पिशवीत, तिच्या कपाटात आहेत.

त्यानंतर हा मुलगा. आठव्या महिन्यातच झाला. सव्वीस दिवस काचेच्या पेटीत होता, आणि तिथं आईखेरीज कुणाला सोडत नव्हते. घरी आणलं आणि सव्वा महिना पुरा होताच बारसं धरलं. अजून तो तळहातावर मावेल एवढाच होता, पण रडायला लागला की रस्त्यावरच्या माणसाला कळायचं.

बारशाच्या दिवशी सकाळी प्रांजल वडिलांना शोधत मळ्याच्या कडेला गेली. राघू मेंढरांना कडूनिंबाचा पाला टाकत होता. अडुसष्ट वर्षांचा, पाठ अजून ताठ, बोलणं कमी. आत्या असं का म्हणते, हे तिनं त्याला विचारलं. त्यानं तिला मेंढरांपासून दूर, विहिरीच्या काठापर्यंत नेलं आणि मग तोंड उघडलं.

"तो वाईट न्हाई," तो म्हणाला. "बिबट्या चोर हाय. चोरागत येतो, चोरागत जातो. ह्यो उजेडात येतो, उभा ऱ्हातो, आपल्याकडं बघतो. त्याचा वाटा असतो. माझा बा वर्साला एक कोकरू सोडून द्यायचा, त्याच्या मागं कुत्री न्हाई घालायचा."

मग तो स्वतःहून आणखी बोलला, आणि एवढं बोलणं प्रांजलनं त्याच्या तोंडून वर्षानुवर्षांत ऐकलं नव्हतं. तरुणपणी अणे पठाराच्या माळावर त्यानं एकदा बीळ पाहिलं होतं. सहा पिलं. आई शिकारीला गेलेली, आणि बिळाच्या तोंडाशी दुसरीच एक मादी बसलेली. तिच्या अंगावर दूध नव्हतं, पण पिलं तिच्या शेपटीला लोंबकळत होती आणि ती हूं की चूं करत नव्हती. राघू टेकाडावर पोटावर पडून अर्धा दिवस तिच्याकडे बघत राहिला होता. मेंढरं दुसऱ्याच्या ज्वारीत शिरली तेव्हा कुठं त्याला भान आलं. त्या ज्वारीच्या मालकाचा मार त्यानं खाल्ला, पण ते दृश्य सांगताना आजही त्याचा चेहरा उजळला होता. प्रांजलला वाटलं, आपल्या बापाला आपण कधी नीट बघितलंच नाही.

"मग तुमचं काय म्हणणं? सांगू ते नाव?"

"आक्का म्हणती ते कर," राघू म्हणाला. "तिला कारण हाय. पर पोरीला रडवून नगं करू."

म्हणजे शहाण्यानं दोन्ही दगडांवर पाय ठेवून मोकळं व्हावं, तसं झालं. प्रांजल घरी परतली ती होती त्याच कोड्यात.

दुपारी पुढच्या खोलीत पाळणा टांगला गेला. शेजारच्या बायका अजून यायच्या होत्या. खोलीत चौघीच होत्या: तुकाबाई जात्याला टेकून, सारजाबाई पाळण्याला फुलं बांधत, अश्विनी बाळाला मांडीवर घेऊन, आणि दारात उभी प्रांजल. बोलायचं तर आत्ताच, हे चौघींनाही कळत होतं. सुरुवात अश्विनीनं केली.

"आत्याबाई, तुमचा शब्द मी कधी मोडला नाही. पण माझं बाळ सव्वीस दिवस मरणाशी झगडून आलंय. त्याच्या कानात पहिलं नाव जनावराचं नको."

आवाज चढलेला नव्हता, तरी तो ऐकून सारजाबाईंनी फुलं खाली ठेवली. मग प्रांजलनं पिशवीतून एक वही काढली. शाळेतली, दोनशे पानी, पुठ्ठ्यावर चहाचे डाग. ही वही तिनं आजवर कुणाला दाखवली नव्हती.

तिनं सांगितलं ते असं. कंपनीत तिचं काम नावं जुळवायचं. परदेशातल्या गिऱ्हाइकांची कागदपत्रं येतात, सगळ्या कागदांवर नाव तेच आहे ना हे दिवसभर बघत बसायचं. दोन वर्षांपूर्वी, मंचरहून परत गेल्यावर, तिच्यासमोर एक नाव आलं, वुक. सर्बिया नावाच्या देशातला माणूस. एवढंसं नाव बघून तिला वाटलं काही अक्षरं गळाली असतील, म्हणून तिनं त्याला फोन लावला. तो हसला. म्हणाला, बाई, नाव एवढंच आहे, आणि त्याचा अर्थ लांडगा. माझ्या आजोबांच्या आधी घरात पोरं जगत नव्हती. आमच्याकडे अशा घरात जुन्या काळी मुलाला लांडग्याचं नाव देत. पोरं खाणाऱ्या चेटकिणी सगळ्यांना भितात असं नाही, पण लांडग्याला भितात. आजोबा जगले, तेव्हापासून घरात ते नाव चालत आलंय.

"फोन ठेवला आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले," प्रांजल म्हणाली. "आपल्याकडे दगडू ठेवतात, धोंडू ठेवतात, केरू ठेवतात. मरणाला वाटावं, ह्यात नेण्यासारखं काही नाही. तिकडे त्यांनी उलटं केलं. मरणालाच भीती वाटावी असं नाव शोधलं. मग मी गोळाच करायला लागले."

आणि तिनं वाचायला घेतलं. आधी अडखळत, मग तिचा आवाज लागला. स्वीडनमध्ये उल्फ, म्हणजे नुसताच लांडगा. जर्मनीत वोल्फगांग, लांडग्याच्या चालीचा. रुडॉल्फ, नावाजलेला लांडगा. ज्यू लोकांत झेव. तुर्कांत कुर्त, आणि ते आडनाव तिकडे आपल्याकडच्या शिंदे-पवारांइतकं. आयर्लंड म्हणून बेट आहे, तिथं फेलन, म्हणजे लांडग्याचं पिल्लू. एवढ्या थंडीवाऱ्यात कुणा आईला आपल्या पोराकडे बघून ते सुचलं असेल. जॉर्जिया देशात वाख्तांग, लांडग्याच्या अंगकाठीचा, आणि हे राजांचं नाव. स्पेनमध्ये लोपेझ, गोव्यात लोबो.

"ते लोबो?" सारजाबाईंनी विचारलं. त्यांचा धाकटा मुलगा गोव्याच्या एका लोबोच्या हॉटेलात दोन वर्षं कामाला होता. "लई चांगला माणूस व्हता तो. दिवाळीला घरी मिठाई पाठवायचा." बोलून झाल्यावर आपण कुठल्या बाजूचं बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या पुन्हा फुलांकडे वळल्या.

"आणि लांब कशाला जा," प्रांजल म्हणाली. "भीमाचं एक नाव वृकोदर. वृक म्हणजे लांडगा. त्याच्या पोटात लांडग्याची भूक."

तुकाबाई डोळे मिटून ऐकत होती. लग्नाच्या यादीतली पावण्यांची नावं म्हाताऱ्या बायका ऐकतात तशी, एकेका नावाला मान हलवत. देश तिला एकही ठाऊक नव्हता. तिनं एवढंच विचारलं, "तिकडं बी मेंढरं हायती का?"

"आहेत. बहुतेक सगळीकडे."

"मंग," तुकाबाई म्हणाली. तिच्या लेखी तेवढ्यात सगळा उलगडा झाला होता.

वही मिटताना प्रांजलला वाटलं, आपण जिंकलो. सारजाबाईंचा चेहरा मऊ झाला होता. खुद्द प्रांजललाच त्या नावांचा अभिमान वाटत होता, जणू जगभरच्या त्या आया तिच्या नात्यातल्या होत्या. म्हणून अश्विनीचं पुढचं बोलणं तिला जास्तच लागलं.

"ताई, तुमच्या वहीत एवढी नावं," अश्विनी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. "तिला एक नव्हतं."

कुणाला हा विषय अपेक्षित नव्हता. सारजाबाई पुढे झाल्या, आज शुभदिवस आहे, ते कशाला आता, असं काहीतरी पुटपुटल्या. अश्विनीनं हातानंच त्यांना थांबवलं.

"दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय, अश्विनीचं बाळ. चौदा दिवस मी तिला बाळच म्हटलं, कारण नाव तुम्ही ठेवणार होता. मी मनात दहा नावं धरली होती. एकही तिला म्हणून दाखवलं नाही, आत्याचा मान म्हणून. ती गेली तेव्हा मला ओरडायचं होतं, आणि काय नावानं ओरडू ते मला कळलं नाही."

प्रांजलजवळ उत्तरं पुष्कळ होती. रजा मिळाली नव्हती, कुणाला काय माहीत होतं, सारजाबाईंनीच होकार दिला होता. दोन वर्षं ती हीच उत्तरं स्वतःला देत आली होती आणि त्यातलं एकही पोटात राहत नव्हतं. ती दारातून आत आली, अश्विनीसमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "माझं चुकलं. मी हौसेपायी तुम्हाला थांबवलं."

अश्विनीनं मान हलवली नाही आणि नजरही काढून घेतली नाही. तेवढ्यात जात्याकडून तुकाबाईचा आवाज आला.

"चुकली ती एकटी न्हाई. म्या बी चुकले."

मग तिनं जे सांगितलं ते प्रांजलनं उभ्या जन्मात ऐकलेलं नव्हतं, आणि राघूनं ऐकलेलं असलं तरी तो ते सांगणाऱ्यातला नव्हता.

तुकाबाई दहा वर्षांची होती. मेंढरं कोकणात उतरायला निघालेली, मुक्काम नाणेघाटाच्या अलीकडे. तिथंच रानात राघू झाला. त्याच्या आधी आईची तीन पोरं गेली होती, तिन्ही बारसं व्हायच्या आधीच. एकाच्या वेळी आत्याला निरोप पाठवून अठरा दिवस वाट बघितली होती. राघू झाला तेव्हाही आत्या लांब होती, पारनेराकडे. बाप म्हणाला सांगावा धाडतो. आईनं बाळंतपणाच्या घोंगडीवरूनच नाही म्हटलं.

"आई म्हनली, आत्याला यायला आठ दिस. आठ दिस कुनी बघितल्यात? तिनं मला बोलावलं. पोराला कण्हेरीच्या झाडाखाली ठिवलं, मेंढराच्या नव्या लोकरीवर. मला म्हनली, तूच ह्याची आत्या, तूच मावशी. ह्याच्या कानात रानातल्याचं नाव सांग. जे त्याचं झालं ते दुसरं कुनी न्हेत न्हाई. म्या लई भ्याले. त्यो शब्द म्या कदी तोंडातनं काढला न्हवता. समोर समदी मेंढरं. मला वाटलं, म्या बोलले की मेंढरं उधळत्याल, दरीत पडत्याल, बा मला मारून टाकील. पर आईनं माझा हात धरला व्हता. म्या वाकले आन् तीनदा सांगितलं. मेंढरं रवंथ करत व्हती ती करतच ऱ्हायली."

तिनं पदरानं तोंड पुसलं. तेव्हापासून अडुसष्ट वर्षं तिनं तो शब्द पुन्हा उच्चारला नव्हता. तो खर्चला तर भाऊ जाईल, असं तिला वाटायचं. राघू घाटात तापानं फणफणला तेव्हा, विहिरीत पडला तेव्हा, मोटारसायकलवरून आपटला तेव्हा, ती दात आवळून बसली होती.

"माझ्या आईला आडगी म्हनायचे," ती म्हणाली. "पर तिला एक गोष्ट कळली व्हती. मान मागनं देता येतो, नाव मागनं देता येत न्हाई. हे मला ठावं व्हतं. अश्विने, तुझ्या पोरीच्या टायमाला म्या बोलायला पायजे व्हतं, की थांबू नका. न्हाई बोलले. म्या बी आत्याच हाय. मला बी तो मान गोड लागतो."

प्रांजल त्या वाळक्या बाईकडे बघत राहिली. दहा वर्षांची पोर, अंगात हुडहुडी, समोर तीन-चारशे मेंढरं आणि बापाचा धाक, आणि तरी वाकून तिनं तो शब्द उच्चारला होता. अडुसष्ट वर्षं एका माणसाचा जीव जिभेवर सांभाळला होता, कुणाला न सांगता. आणि आज, मिरवायच्या वयात, सुनेसमोर आपली चूक कबूल केली होती. वहीतल्या सगळ्या राजांपेक्षा प्रांजलला ती मोठी वाटली. तिला आत्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि तिनं ते ठेवलं.

"ऊठ, ऊठ," तुकाबाई म्हणाली. "बाया येत्याल आता."

अश्विनी मात्र अजून गेलेल्या लेकीपाशीच अडकली होती. ती म्हणाली, "आत्याबाई, गेलेल्या पोराचं नाव ठेवता येतं का?"

सारजाबाईंच्या तोंडून 'नको गं' निघून गेलं. असं कुठं कुणी करत नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि रीतीभातीत तुकाबाईएवढी कडक बाई पंचक्रोशीत नव्हती. ती आता काय म्हणणार हे प्रांजलला जवळपास ऐकूच आलं.

"आमच्यात न्हाई ठेवत," तुकाबाई म्हणाली. मग जातं सोडून ती पुढे सरकली. "माझ्या आईनं त्या तिघांची न्हाई ठिवली. म्हातारपनी भ्रमिष्ट झाली तवा तिघांना हाका मारायला बघायची. तोंड उघडायची आन् तिला काय सापडायचं न्हाई. ते म्या डोळ्यानं बघितलंय." तिनं प्रांजलकडे बघितलं. "ठिव, पोरी. तिचं आधी. थोरली हाय ती."

बायका जमल्या. खोली भरली, बांगड्यांचा आणि कुजबुजीचा गलका झाला. आपल्याकडे बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंटा घालतात. त्याला तेल लावायचं, कुंकू लावायचं, नव्या कापडात गुंडाळायचं आणि पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात द्यायचं. सारजाबाईंनी वरवंटा गुंडाळून तयार ठेवला होता. अश्विनीनं बाळ तुकाबाईच्या मांडीवर दिलं, तो वरवंटा स्वतःच्या हातात घेतला आणि फिरवायला कुणाला दिलाच नाही. छातीशी धरून पाळण्यापर्यंत नेला, आत निजवला, त्याच्यावर दुपटं ओढलं.

"ताई, वहीत मुलींची नावं नाहीत का?"

"एक आहे," प्रांजल म्हणाली. "स्वीडनची बाई होती एक. इल्वा. लांडगीण."

अश्विनीनं ते नाव एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. "चांगलं आहे," ती म्हणाली. "हेच सांगा."

जमलेल्या बायकांना काय चाललंय ते नीट कळत नव्हतं, पण काहीतरी मोठं चाललंय एवढं कळत होतं, आणि गलका थांबला. प्रांजल वाकली. दुपट्याखालच्या त्या थंड दगडाशी तोंड नेऊन तिनं कुर्रर्र केलं आणि तीनदा सांगितलं, इल्वा, इल्वा, इल्वा.

नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, अशी रीत. आज कुणाचा हात उठेना. प्रांजल तशीच वाकून राहिली. मग तिच्या पाठीत एक धपाटा बसला. असा बसला की तिचा श्वास कोंडला. तो थट्टेचा नव्हता, त्याच्यात दोन वर्षं होती. पाठोपाठ दुसरा, तिसरा. आणि मग तिथंच, त्याच जागेवर, अश्विनीनं कपाळ टेकलं आणि ती रडायला लागली, आवाज काढून, नाव घेऊन. प्रांजल हलली नाही. भावजयीचं ओझं पाठीवर घेऊन ती वाकलेलीच राहिली, आणि तिला वाटलं, हे ओझं आपलंच होतं, आता कुठं ते अंगावर आलंय.

वरवंटा काढला आणि बाळाला पाळण्यात घातलं. अश्विनीनं डोळे पुसले आणि नणंदेला म्हणाली, "ह्याला आत्याबाई म्हणतात तेच सांगा. दोघं भावंडं एकाच घरची होऊ देत." प्रांजलनं बाळाच्या डाव्या कानात तो शब्द सांगितला जो या घरात मेंढरांसमोर उच्चारत नाहीत, आणि मग सगळ्यांना ऐकू येईल असं म्हटलं, स्वराज. बायकांनी हात साफ करून घेतले. प्रांजलची पाठ पुढे दोन दिवस दुखत होती.

बायका निघाल्या तेव्हा सारजाबाई दारात घुगऱ्यांचं पातेलं घेऊन बसल्या होत्या. प्रत्येकीच्या पदरात त्या एक ओंजळ घालत आणि थांबवून दुसरी घालत. शेजारच्या गेणभाऊंची सून म्हणाली, मावशी, एक झाली की.

"एक स्वराजची, एक इल्वाची," सारजाबाई म्हणाल्या.

"इल्वा कोण?"

सारजाबाईंनी ओंजळ भरली, तिच्या पदरात ओतली आणि तिच्याकडे सरळ बघून म्हणाल्या, "माझी थोरली नात."